मामीचं विरजण कुकरात गेलं त्याची गोष्ट

दिवाळी अंकवाल्या बाईंनी सांगितलं की कॉलेजातल्या नोकरीबद्दल लिहा, जसं बोलता तसं लिहा. मी सातवीनंतर शाळा सोडली ती थेट कॉलेजात गेलो, झाडू घेऊन. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ त्यांचं त्यांनी बघून घ्यावं. आणि जसं बोलतो तसं लिहिलं तर छापता येणार नाही, म्हणून थोडं कमी बोललोय.

कल्याणच्या एका कॉलेजात मी प्रयोगशाळेत कामाला होतो. कागदावर लॅब अटेंडंट, तोंडावर मामा. कॉलेजात जो पुरुष शिकत नाही आणि शिकवत नाही तो मामा. कामं काय, तर काचेची भांडी धुणे, मायक्रोस्कोप पुसणे, मुलांनी फोडलेलं गोळा करणे आणि फोडणारा सापडला नाही की बोलणी खाणे. झाडू पुढे सुटला. बोलणी शेवटपर्यंत होती.

आधी आमच्याकडे साधी बायोलॉजी होती. मग अप्लाइड बायोलॉजीची डिग्री सुरू झाली. मी देसाई मॅडमना विचारलं, हे अप्लाइड म्हणजे काय? त्या भल्या बाई. म्हणाल्या, "मामा, साध्या बायोलॉजीत बेडूक कसा असतो ते शिकतात. अप्लाइडमध्ये त्याचा उपयोग काय ते शिकतात."

"आणि बेडकाचा उपयोग काय?"

"ते तीन वर्षांनी कळेल," म्हणाल्या.

पालकांना तर काहीच कळायचं नाही. एक बाप अॅडमिशनच्या वेळी मलाच कोपऱ्यात घेऊन विचारायला लागला, "मामा, खरं सांगा, पोरगी डॉक्टर होणार ना?" म्हटलं, नाही. "मग शेती करणार?" तेही नाही. "मग करणार काय?" मी त्यांना आत नेलं. आत एक मुलगा केळं कुस्करत होता, दुसरा शेणात हात घालून गांडुळं मोजत होता आणि एक मुलगी बुरशीचा फोटो काढत होती. बाप बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, "हे सगळं आमच्या घरी फुकट होतं."

तरी त्याने फी भरली. त्याचीच मुलगी तेजल. खडवलीहून यायची. तिची गोष्ट पुढे येतेच आहे.

केळं कशाला, तर माश्यांना. फळांवर घोंघावतात ना बारक्या, त्या ही मुलं बाटलीत पाळतात. आई कोण, बाप कोण, लाल डोळे कोणाकडून आले, पांढरे कोणाकडून आले, असा माश्यांचा सगळा खानदानी हिशेब ठेवतात. बाटलीच्या तोंडाला कापसाचा बोळा लावायचा. एकदा कॉलेज तपासायला समिती आली. स्वागताला टेबलावर फळांची टोपली ठेवलेली. त्याच दिवशी कोणीतरी बोळा लावायला विसरला. समितीचे साहेब द्राक्ष उचलायचे आणि द्राक्षाबरोबर ढग उठायचा. आमचे प्राचार्य हसत हसत म्हणाले, "सर, ह्या आमच्या तिसऱ्या वर्षाच्या आहेत." आम्हाला शेरा चांगला मिळाला. का मिळाला ते मला विचारू नका.

आळंब्यांचं तर काय सांगू. भुसा भरलेल्या पिशव्या लॅबमध्ये टांगायच्या, रोज पाणी शिंपडायचं, आठवड्या-पंधरवड्यात त्यातून आळंब्या फुटतात. किती ग्रॅम आल्या ते वजन करून लिहायचं. एका बॅचने वजन करायच्या आधी कांदा घालून परतल्या आणि पावाबरोबर खाल्ल्या. मग घाबरले. देसाई मॅडम म्हणाल्या, वजन कुठाय? ओंकार नावाचा मुलगा होता, ठाण्याचा, नौपाड्यात राहणारा, बोलायला फार हुशार. तो म्हणाला, "मॅडम, आम्ही खायच्या आधी स्वतःचं वजन केलं होतं. आता परत करतो आणि वजा करतो." मॅडमनी त्याला वर्गाबाहेर काढला आणि दार लावून एकट्या हसल्या. मी आतच होतो, भांडी धूत.

आता मुद्द्याची गोष्ट.

माझी बायको सुमन. मुलांनी तिला कधी पाहिलं नव्हतं, पण मामी म्हणायची, कारण माझ्या डब्यातलं दही सगळ्यांनी खाल्लेलं. ते दही साधं नव्हतं. सुमन लग्न होऊन साताऱ्याकडून डोंबिवलीला आली तेव्हा मांडीवर एक पितळी डबी घेऊन बसली होती. मला वाटलं दागिने असतील. उघडून बघितलं तर विरजण. आईच्या घरचं दह्याचं विरजण. मी म्हटलं, डोंबिवलीत दही मिळतं. ती म्हणाली, "मिळतं ते दही. हे आमचं आहे."

तेव्हापासून रोज रात्री कोमट दुधात एक चमचा. आजच्या दह्यातून उद्याचं, उद्याच्यातून परवाचं. एक दिवस खाडा नाही. पोरगी झाली तेव्हा दवाखान्यातून निरोप पाठवला होता, "मुलगी झाली. दूध विरजलंत का?"

माझ्या रिटायरमेंटच्या आधी ती गेली. दवाखान्यात चालत नेली, आणताना झोपवून आणली. एवढंच लिहितो.

मला स्वयंपाकातलं चहा येतो आणि भात येतो. भात दर वेळी येतोच असं नाही. पण विरजण मी लावत राहिलो. तिच्या चिनी मातीच्या सटात, तिच्याच चमच्याने. लोक म्हणायचे, मोरे, बरं झालं, काहीतरी विरंगुळा. विरंगुळा नाही हो. सुमनच्या हातचं जगात तेवढंच शिल्लक होतं. तिने स्वतः लावलेलं दही होतं, त्यातूनच पुढचं पुढचं लागत आलेलं. एक रात्र विसरलो असतो तर ती दुसऱ्यांदा गेली असती.

वर्षश्राद्धाला गावी जायचं ठरलं. सट घेऊन एस.टी.त बसणं शक्य नाही, घाटात सगळं मांडीवर येतं. मुलगी नाशिकला, ती पाकिटातलं दही आणते, तिचा नवरा त्यात साखर घालतो. शेजारी कोणाकडे ठेवावं तर आमच्या चाळीतली जुनी माणसं बरीचशी शीळफाट्याच्या टॉवरमध्ये गेलेली. उरल्या वरच्या मजल्यावरच्या राणे वहिनी. त्यांच्याकडे तर प्रश्नच नव्हता. सुमनचं आणि त्यांचं बोलणं बंद होतं.

कशावरून? वाटीवरून. स्टीलची वाटी. कडेला 'राणे' असं कोरलेलं, बुडाला पोचा. वहिनींनी त्या वाटीतून कसलीशी भाजी पाठवली. सुमन म्हणायची मी परत केली, भरून केली, दही घालून. वहिनी म्हणायच्या, आलीच नाही. झालं. दोघी एका जिन्याने वर-खाली करायच्या आणि भिंतीकडे तोंड करून एकमेकींना जागा द्यायच्या. मी एकदा नवी वाटी विकत आणली, म्हटलं देऊन टाकू. सुमनने ती मलाच मारली.

तर मी सट कॉलेजात नेला. तेजल आणि ओंकारचा तिसऱ्या वर्षाचा प्रोजेक्ट दह्यावरच होता. घरचं दही आणि विकतचं दही, कुणात कुठले जंतू, कुठलं जास्त टिकतं. त्यांना घरचं हवंच होतं. मी म्हटलं, हे सांभाळा. रोज संध्याकाळी दूध घाला. मी आलो की एक चमचा तुमच्या प्रोजेक्टला.

"मामा, चिंता करू नका," तेजल म्हणाली. "बाळासारखं बघू."

"आणि भांडं स्वच्छ ठेवा," मी म्हटलं. "मामीला अस्वच्छपणा चालत नसे."

हे वाक्य मी बोललो नसतो तर हा लेख झाला नसता.

आमच्याकडे एक यंत्र असतं, ऑटोक्लेव्ह. म्हणजे आपला प्रेशर कुकरच, फक्त मोठा आणि माजोरडा. प्रयोगाची भांडी त्यात घालतात. आतल्या वाफेने एकूण एक जंतू मरतो. अप्लाइड बायोलॉजीच्या मुलांना पहिल्या दिवसापासून एकच शिकवतात, की धुतलेलं म्हणजे स्वच्छ नाही, ऑटोक्लेव्ह केलेलं म्हणजे स्वच्छ. तुम्ही आम्ही भांडं घासतो. ती मुलं त्यातला जीव घेतात.

मी गावाहून आलो, थेट कॉलेजात गेलो. लॅबमध्ये तेजल रडत होती. ओंकार टेबलाकडे पाठ करून उभा होता, मागे काहीतरी लपवल्यासारखा.

"सरक," मी म्हटलं.

सट होता. लखलखीत. आत तपकिरी रंगाचा एक गोळा, विटेसारखा.

"मामा, तुम्ही म्हणालात स्वच्छ ठेवा," ओंकार म्हणाला. "मी झाकण पण नीट लावलेलं."

"दह्यासकट?"

"रिकामं करायला दुसरं स्टराइल भांडं नव्हतं ना."

आता बघा. ह्या मुलाला त्या दह्यातल्या जंतूचं पूर्ण नाव येतं. दोन शब्दांचं, लॅटिन. ते कसे वाढतात, काय खातात, कशाने मरतात, सगळं येतं. आणि त्याने सगळे शिजवले.

मी काय बोललो ते अंकवाल्या बाई छापणार नाहीत. ओंकारच्या खानदानाचा हिशेब मी माश्यांपेक्षा नीट मांडला. देसाई मॅडम बाहेरून धावत आल्या, मला वाटलं मला थांबवायला. त्यांनी सट बघितला, वास घेतला, आणि म्हणाल्या, "मामा, अजून बोला."

मग मी स्टुलावर बसलो. तेजलने पाणी आणलं, चंचुपात्रात. मी म्हटलं ह्यात काय होतं आधी? ती म्हणाली, आठवत नाही. मी पाणी प्यायलो नाही.

तेजल म्हणाली, "मामा, लॅबमध्ये आम्ही कुठलाही कल्चर, म्हणजे आमचं विरजणच, एकाच ठिकाणी ठेवत नाही. एक फ्रीजमध्ये असतो, एक दुसऱ्या लॅबला देतो. एक मेला तर दुसऱ्याकडून परत आणायचा. मामींनी कुणाला दिलं नव्हतं का?"

दिलं नव्हतं का! सुमनने आख्ख्या चाळीला दिलं होतं. पण माणसं गेली आणि वाट्या गेल्या. मला एकच नाव सुचलं, पिंकीची आई. तळमजल्यावर राहायची, आता शीळफाट्याला. तिघं निघालो, मी, तेजल आणि ओंकार. ओंकारला मी नको म्हणत होतो. तो म्हणाला, मामा, रिक्षाचे मी देतो. म्हटलं, मग चल.

टॉवर म्हणजे केवढा. खाली वॉचमनने विचारलं, काम काय? ओंकार म्हणाला, "सँपल कलेक्शन." वॉचमनने मास्क लावला आणि आम्हाला लिफ्टमध्ये एकटं सोडलं.

पिंकीच्या आईने दार उघडलं, मला बघून रडली, मग कोल्ड कॉफी दिली. मी विरजणाचं विचारलं.

"अय्या, भाऊजी, ते तर बंद झालं हो. पिंकी डाएटवर आहे ना, ती डब्यातलं ते घट्ट आणते, ग्रीक." मग तिने जरा इकडे-तिकडे बघितलं. "पण एक सांगू? सुमनवहिनी आता नाहीत म्हणून सांगते. त्यांनी शपथ घातलेली."

"काय?"

"त्या माझ्याकडे दोन वाट्या द्यायच्या. एक माझी. दुसरी राणे वहिनींना वर नेऊन द्यायची, माझी म्हणून. राणे वहिनींचं स्वतःचं दही दर पावसाळ्यात बिघडायचं. सुमनवहिनी म्हणायच्या, 'सटवीला आंबट दही खाऊन खाऊन तोंड तसं झालंय, जा देऊन ये.'"

मी कोल्ड कॉफी खाली ठेवली. जे मी सगळीकडे शोधत होतो ते माझ्या डोक्यावर, एक स्लॅब सोडून होतं.

डोंबिवलीला परत आलो तेव्हा उजेड कमी होत आलेला. तसेच वर चढलो. राणे वहिनी दारात उदबत्ती लावत होत्या. मला बघितलं, सवयीने भिंतीकडे तोंड केलं. मग आठवलं असावं की भांडण माझ्याशी नव्हतं.

"काय भाऊजी?"

मी सरळ सांगितलं. सुमनचं विरजण मेलं. ह्या गाढवाने शिजवलं. तुमच्याकडे आहे, थोडं द्या.

"सुमनचं? माझ्या घरात? ह्या जन्मात नाही! माझं विरजण पिंकीच्या आईचं."

"पिंकीच्या आईला सुमननेच दिलेलं. तुमचीही वाटी तीच द्यायची."

मला वाटलं आता ह्या चिडतील. वहिनींनी उदबत्ती फिरवली, राख झटकली.

"मग मला काय माहीत नव्हतं वाटतं? पिंकीच्या आईला चहात साखर किती घालायची ते कळत नाही, ती असलं दही लावणार? पहिल्या घासाला ओळखलं." मग जोरात म्हणाल्या, "भांडण तिच्या तोंडाशी होतं. दह्याशी नव्हतं."

"मग द्या की."

"आता नाही. दिवे लागले. दिवेलागणीनंतर विरजण घराबाहेर देत नाहीत. सकाळी."

ओंकार पुढे झाला. "आजी, सायंटिफिकली बोलायचं तर बॅक्टेरियाला दिवे लागलेले कळत नाहीत."

"त्यांना नसेल कळत. मला कळतं. तूच का तो शिजवणारा?"

ओंकार मागे झाला.

"न्यायला देणार नाही," वहिनी म्हणाल्या. "खायला देते. बसा."

आम्ही तिघं ओळीने बसलो, पंगतीसारखे. भात आणि दही. मी पहिला घास घेतला आणि मला पुढचा घेता येईना. तेजलला कळलं, ती ताटात बघत राहिली. ओंकारला काही कळलं नाही. तो म्हणाला, "आजी, अजून आहे?"

सकाळी मी तोंड धुवायच्या आत दार वाजलं. राणे वहिनी. हातात वाटी, वर ताटली. आमच्या दारात त्या किती काळाने उभ्या होत्या त्यांनाच माहीत. आत आल्या, सुमनच्या फोटोसमोर थांबल्या.

"हा हार कोणी घातला?"

"मी."

"प्लास्टिकचा?"

"धुता येतो."

"कर्म," म्हणाल्या, आणि गेल्या.

तेजल आणि ओंकारने त्यातलं थोडं नळ्यांमध्ये नेलं. एक लॅबच्या फ्रीजमध्ये, एक खडवलीला तेजलच्या आईकडे, एक नौपाड्यात ओंकारच्या आजीकडे. ओंकारच्या हातात सट परत द्यायचा नाही असा देसाई मॅडमनी तोंडी हुकूम काढला. परीक्षेला बाहेरचे साहेब आले. त्यांनी विचारलं, हा कल्चर कुठून मिळवला? तेजल म्हणाली, "सर, मोरे मामींकडून." साहेब म्हणाले, कुठल्या संस्थेत असतात त्या? ती म्हणाली, "डोंबिवलीत असायच्या, सर. त्यांच्या शाखा होत्या." साहेबांनी चव घेतली, जी घ्यायची नसते. मार्क दोघांना चांगले पडले. तेजल आता एका दह्याच्याच कंपनीत लागली आहे. तिचा बाप मला भेटला की म्हणतो, तेच ना, घरी फुकट होतं.

पण वाटीचं राहिलं.

आपल्यात वाटी रिकामी परत करत नाहीत. वहिनींनी विरजण आणून दिलं त्याच रात्री मी दही लावलं, ते लागलं, आणि दुसऱ्या दिवशी वाटी भरून वर घेऊन गेलो. राणे वहिनींनी घेतली, उंच धरून बूड बघितलं.

"ही माझी नव्हे."

"काल तुम्हीच आणलीत."

"आणली असेल. पण माझी ती वेगळी. माझ्या वाटीला पोचा होता. ती तुमच्या घरातून आलीच नाही."

"वहिनी, सुमनने ती परत केली होती."

"तुम्ही होतात बघायला?"

"तुमची वाटी काय सोन्याची लागून गेलीये?"

हे मी बोललो आणि माझंच मला कळलं की हे वाक्य माझं नाही, सुमनचं आहे. चाळीत माणसं बाहेर आली. कोणीतरी टीव्ही बंद केला. किती दिवसांनी माझ्याशी कोणी कडाकडा भांडत होतं. ती गेल्यापासून सगळे माझ्याशी हळू बोलत होते, आजारी माणसाशी बोलतात तसे. मी खाली आलो आणि सुमनच्या फोटोला सगळं सांगितलं. ती असती तर वर गेली असती, चप्पल न घालता.

तेव्हापासून आमचं चालू आहे. वाटी वर जाते, वाटी खाली येते, रिकामी कधी नाही, आणि दर वेळी त्या म्हणतात ही माझी नव्हे.

परवा वहिनींनी खाली सोलकढी पाठवली. मी प्यायलो, वाटी धुतली, पालथी घातली. बुडाला पोचा होता. कडेला 'राणे' कोरलेलं.

म्हणजे इतकी वर्षं वरच होती.

मी वाटी घेऊन फोटोसमोर गेलो आणि सुमनला दाखवली. मग तसाच जिन्याकडे निघालो, आज वहिनींना सोडणारच नव्हतो. अर्ध्या जिन्यात थांबलो. आता हे बोललो, तर भांडण मिटणार.

खाली आलो. वाटीत दही भरलं, सुमनच्या चमच्याने वरून सारखं केलं. दिवे लागायला अजून वेळ होता. वर गेलो आणि म्हटलं, "घ्या वहिनी. तुमची नाहीच म्हणता, तरी घ्या."

त्यांनी वाटी घेतली. बूड बघितलं नाही.

"माझी नव्हेच मुळी," म्हणाल्या.